बोरफाट्यावरची नऊ गाड्यांची रांग

त्रिंबकवर गुन्हा दाखल झाला तेव्हा त्याला जाळून चार दिवस झाले होते.

हो, बरोबर वाचलंत. मेलेल्या माणसावर गुन्हा. आपल्याकडे होतो, नवल नाही त्यात. मयतानं मोटारसायकल वाहत्या रस्त्यात निष्काळजीपणे उभी केली, पाठीमागून कंटेनरची धडक बसली, स्वतः मेला आणि मागं बसलेल्या बायकोचा हात मोडला. सबब दोष मयताचा. कंटेनरचा ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी जामिनावर घरी. मेलेला थोडाच उठून बोलणार आहे!

आता गाडी रस्त्यात उभी का होती? तर पुढं रांग होती म्हणून. यू-टर्नला वळायला थांबलेल्यांची रांग. पण त्या यू-टर्नवर फार तर नऊ गाड्यांची रांग लागते, आणि बारा गाड्या मावतील एवढी जागा तिथं करून दिलेली आहे, असं एका अहवालात छापलेलं होतं. एकशे बारा पानांचा, रंगीत नकाशांचा अहवाल. रांग नऊच्या पुढं जातच नाही, तर हा बाबा भर रस्त्यात करत काय होता, असा तो सवाल. आणि तो नऊचा आकडा काढला होता कावेरीनं.

कावेरी म्हणजे बसवेश्वरअप्पांची थोरली. अप्पांचं बीडात मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. क्लच वायर, चेनसेट, टायर-ट्यूब, पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीचा कुठंच न मिळणारा नट, सगळं अप्पांकडे. पोरगी त्या दुकानातच वाढली, ग्रीसचे हात फ्रॉकला पुसत. पुढं इंजिनियर झाली, पुण्याला जाऊन रस्ते-वाहतुकीचं मोठं शिक्षण घेतलं, आणि रस्त्यावर गाड्या कशा वाहतात ते कॉम्प्युटरवर आधीच दाखवून देणाऱ्या एका कंपनीत लागली. अप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची कावेरी रस्ता व्हायच्या आधी रस्त्यावरची गर्दी बघती." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि ब्रेक-लायनर मागायचं.

पोरगी हुशार होती, त्यात वाद नाही. हे असले प्रोग्राम परदेशात होतात. तिथं गाडी म्हणजे मोटार, आणि मोटार म्हणजे आपल्या पट्ट्यात गुमान चालणारी. आपल्याकडची मोटारसायकल कसला पट्टा पाळते! सिग्नलला चार मोटारी थांबल्या की मधल्या फटींतून, पोत्याला भोक पडल्यावर ज्वारी सांडावी तशा मोटारसायकली पुढं येतात. पुस्तकात एक मोटारसायकल म्हणजे अर्धी मोटार असं धरतात आणि मोकळे होतात. कावेरीला ते पटत नव्हतं. ती महिना महिना चौकाचे व्हिडिओ बघत बसली. कुठली गाडी किती फटीतून घुसते, तिघं बसले की किती झुकते, दुधाचे कॅन अडकवले की वळायला किती जागा लागते, हे सगळं तिनं त्या प्रोग्रामला शिकवलं. पुण्यात तिच्या त्या कामाला टाळ्या पडल्या.

म्हणून बीड शहराच्या दक्षिण अंगाचं काम आलं तेव्हा कंपनीच्या मालकानं, अमरसिंहनं, तिलाच पाठवलं. शहर आता पालीच्या दिशेनं पसरत चाललंय. चार पदरी रस्ता झाला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालयं, गॅरेजं, प्लॉट. त्यातच हा बोरफाटा. पाच-सहा गावं आणि दोन तांडे याच फाट्यावरून शहरात येतात. दुभाजकात एक कट होता. लोक सरळ त्यातून आडवे घुसायचे आणि वर्षाला दोन-तीन जण मरायचे. कट बंद करावा आणि सातशे मीटर पुढं यू-टर्न द्यावा, असा रस्ते खात्याचा विचार. तसं केलं तर चालेल का, तेवढं कावेरीनं सांगायचं.

डिसेंबरात मोजणी लागली. गावातलीच बारा माणसं रोजानं घेतली. त्यांत एक सत्यशीला. चौतिशीची, बारावी शिकलेली, अंगानं काडी. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा सासूच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून मागं राहिली. नवरा चुलतभावाच्या जोडीनं कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलता. बाकीचे मोजणारे चहाला उठले की गाड्या निसटायच्या. सत्यशीलाची एक निसटत नसे. डोळा रस्त्यावर, हात कागदावर; चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ट्रकच्या पलीकडून गेलेली मोटारसायकलसुद्धा ती नुसत्या आवाजावरून टिपायची. कावेरीला ही बाई फार आवडली. दुपारी दोघी बाभळीखाली एकाच डब्यातून जेवायच्या.

"सत्यशीला, त्या कटातून आडवे-उलटे घुसतात ना, त्यांनी फार वैताग आणलाय बघ," कावेरी म्हणायची. "मरतात ते तेच. यू-टर्न झाला की सांग तुझ्या गावाला. सातशे मीटर जास्त पडतील, पण रांगेत थांबायचं, वळायचं, सुखरूप घरी जायचं."

"सांगते की ताई. आमच्या मालकालाच पयलं सांगते. ते तर लई उलटे घुसत्यात."

आणि त्याच आठवड्यात सत्यशीला एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ताई, एक इचारू का? रागवू नका. आत्ता कावून मोजायलाव तुमी? फाटा आत्ता रिकामा हाय. आमचे समदे कारखान्यावर गेलेत. गावात म्हातारी न् लेकरं. ही मोजणी खोटी निघंल बगा."

कावेरी हसली. वाईट हसली नाही, मायेनंच हसली, पण हसली. "अगं, मी बीडचीच आहे. मला माहीत नाही होय? त्यासाठी गुणक असतो. टोलनाक्यावर वर्षभराच्या नोंदी असतात. डिसेंबरात किती गाड्या, मेमध्ये किती, ते बघायचं आणि त्या पटीत आकडा वाढवायचा. झालं."

"तुमी वैशाखात या मोजायला. लग्नसराईत. मंग दिसंल."

"वैशाखापर्यंत थांबलं तर काम जाईल माझं."

शिकलेल्या बाईशी किती वाद घालायचा! सत्यशीलानं डब्याचं झाकण लावलं आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

टोलनाक्याच्या नोंदी आल्या, गुणक निघाला: एक पूर्णांक शून्य सहा. म्हणजे मेमध्ये शंभराला सहा गाड्या जास्त. कावेरीनं तो लावला, प्रोग्राम चालवला. पडद्यावर इवल्याइवल्या मोटारसायकली यू-टर्नला येऊन थांबल्या, वळल्या, गेल्या. रांग वाढून वाढून नऊ. बारांची जागा द्या म्हणाली, वरती तीन जास्तीच्या. मार्चात कट बंद झाला, यू-टर्न सुरू झाला, आणि पहिला महिना खरंच कुणी मेलं नाही. कावेरीला केवढा आनंद झाला होता!

एप्रिलात माणसं परतली. पाच-सहा गावं, दोन तांडे. आली आणि वैशाखाची लग्नं लागली. आठ मेच्या संध्याकाळी त्रिंबक बायकोला घेऊन भाचीच्या लग्नाचा आहेर आणायला शहरात गेलता. परतताना यू-टर्नला रांग होती, ते शेपटाला जाऊन थांबले. शेपूट कुठं होतं? दिलेल्या जागेच्या कितीतरी मागं, भरधाव गाड्यांच्या पट्ट्यात. कंटेनर आला तेव्हा ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तिरपं ऊन होतं म्हणे.

अमरसिंहचा फोन आला तेव्हा कावेरी पुण्यात ऑफिसातच होती. "एक पत्र लागेल तुझ्या सहीचं," तो म्हणाला. "फार काही नाही. रांग नऊच्या पुढं जात नाही असं मॉडेल दाखवतं, म्हणून अपघातग्रस्त वाहन ठरवून दिलेल्या जागेच्या बाहेर स्वतःहून उभं होतं, एवढंच. खात्याच्या साहेबांना पाहिजे, पोलिसांना पाहिजे."

"कोण गेलं, सर?"

नाव सांगितल्यावर तिला ओळख पटली नाही. गाव सांगितलं, पाठीमागं बसलेल्या बाईचं नाव सांगितलं, तेव्हा पटली.

पत्र लिहायला म्हणून तिनं फाइल उघडली. नऊ कशी आली ते एकदा नीट बघावं, मग सही करावी. मोजणीचे कागद बघितले, बरोबर. प्रोग्राम बघितला, बरोबर. मग टोलनाक्याचा तक्ता. मोटार, जीप, हलकं मालवाहू, बस, ट्रक, कंटेनर. तिनं तो तक्ता वरून खाली वाचला, परत खालून वर वाचला. मोटारसायकलचा रकानाच नव्हता. कसा असेल? मोटारसायकलला टोल नाही. टोल नाही म्हणून नोंद नाही. मेमध्ये मोटारी शंभराला सहा वाढतात, आणि तेवढ्याच मोटारसायकली वाढतात, असं तिनं धरलं होतं. धरलं होतं म्हणजे काय, विचारच केला नव्हता! मोटारसायकल कशी झुकते, कशी घुसते याचा वर्षभर अभ्यास केलेल्या बाईनं ती किती येते हे मात्र मोटारींना विचारलं.

तिनं अप्पांना फोन लावला. "अप्पा, आपल्या दुकानात पौषात गिऱ्हाईक किती असतं आणि वैशाखात किती?"

"हे काय इचारणं झालं?" अप्पा म्हणाले. "पौषात माशा मारतो मी. वैशाखात जेवायला फुरसत नसती. ऊसतोडवाले आले की समद्यांच्या गाड्या एकदमच निघत्यात. लहानपणी तूच तर म्हणायचीस, अप्पा, सुट्टीतच का वो एवढी गर्दी?" मग म्हणाले, "कावून गं? आवाज असा का येतोय तुझा?"

तिनं फोन ठेवला. पत्र लिहिलं नाही.

रात्रीच्या गाडीनं ती बीडला आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारपासून बोरफाट्याच्या त्या यू-टर्नवर एकटी उन्हात उभी राहिली. कागद, पेन. चार उभ्या, पाचवी आडवी. साडेपाचला रांग सोळा. सहाला सत्तावीस. साडेसहाला अडतीस. शेपटाकडचे लोक मान वळवून वळवून मागं बघत होते, बायका लेकरांना घट्ट धरून होत्या. पलीकडं धडाधडा उलट्या बाजूनं जाणारेही होते. एक जण तिच्यावर ओरडला, "मरायला उभी ऱ्हायलीस का गं इथं?" ती तशीच मोजत राहिली.

मेचे आकडे घालून तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला. रांग जागेबाहेर सत्तर मीटर गेली. इवल्या मोटारसायकली भरधाव पट्ट्यात उभ्या, मागून इवले ट्रक येत होते आणि शहाण्यासारखे थांबत होते. प्रोग्राममध्ये अपघात होत नाही. तिथं सगळ्यांना ब्रेक लागतो.

खात्याच्या बैठकीत अमरसिंह आधीच येऊन बसला होता. साहेबांनी चहा मागवला. कावेरीनं कप हातात घेतला नाही. म्हणाली, "साहेब, मॉडेल चुकलंय. चूक माझी आहे. रांग नऊ नाही, अडतीस आहे. मी स्वतः मोजली. तो माणूस रांगेतच उभा होता."

अमरसिंहच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब मात्र मुरलेले. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही चुकलात म्हणता. मग तुमच्या अहवालावर आम्ही सही केली, ते आमचं काय?"

"ते मला माहीत नाही. माझं मी सांगितलं."

"लेखी देणार?"

"आणलंय."

अर्ध्या तासात सगळ्यांनी हात झटकले. कंपनीनं तिला काढलं. साहेबांनी शेरा मारला की दोष सल्लागाराच्या कर्मचाऱ्याचा. यू-टर्नच्या मागं चार लाल-पांढरी पिंपं ठेवली गेली. फौजदारांनी तिचा जबाब घेतला आणि त्रिंबकचं नाव आरोपीच्या जागेवरून निघेल असं म्हणाले. कधी, ते बोलले नाहीत. तिला वाटलं होतं खरं बोलल्यावर छाती हलकी होईल. काही झाली नाही. एकच उरलं होतं: हे सत्यशीलाला तोंडानं सांगायचं.

गावात घर शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं पडवी. सत्यशीला भिंतीला टेकून बसली होती, हात प्लास्टरमध्ये, कपाळ मोकळं. तिच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला, तिची सासू चंद्रभागाबाई. डोळ्यांवर दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा काळा चष्मा अजून होता. दोघींच्या मधे एवढी जागा होती की कावेरीला कुठं बसावं कळेना. ती उंबऱ्याशीच टेकली.

"या ताई," सत्यशीला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आमच्यापुढं छत्तीस गाड्या व्हत्या. मी मोजल्या. सवय लागलीय ना."

"कोण आलंय?" सासूनं विचारलं.

"मोजणीवाल्या ताई."

म्हातारी ताडकन बोलली, "आता काय मोजायला आली? ही जित्ती बसलीय, हिला मोज. हिनंच खाल्ला माझा त्रिंबक! नेमानं तो उलट्या बाजूनं यायचा. पाच मिनिटांत घरात. त्या दिशी बी वळवली व्हती गाडी त्यानं. ही बया म्हणाली, न्हाई, उलटं जायचं न्हाई, रांगंत थांबायचं, ताईंनी सांगितलंय. थांबला बिचारा. शेजारच्यांनी समद्यांनी आयकलंय. तमाम गाव उलटं आलं, घरी पोचलं. माझा एकटाच रांगंत ऱ्हायला."

नऊ दिवस सत्यशीला हेच ऐकत असणार. मान खाली घालून प्लास्टरवरचा चुन्याचा पोपडा नखानं खरवडत होती.

कावेरी रडायचं नाही असं ठरवून आली होती, ते काही जमलं नाही. "आजी, हिची चूक नाही. त्यांचीही नाही. माझी आहे. रांग एवढी मोठी लागेल हे मला कळायला पाहिजे होतं. मी चुकीचं मोजलं. जागा कमी दिली. तसं लिहून देऊन आले मी. रांगेत थांबायला मीच सांगितलं होतं हिला. हिला बोलू नका, आजी. बोलायचं तर मला बोला."

म्हातारीनं तोंड तिच्याकडं वळवलं. काळ्या काचांमागं तिला कितपत दिसत होतं कुणास ठाऊक. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय, आमी समदे भाईर असतो म्हून?"

खोटं बोलायची सोय होती. नाही म्हणाली असती तर कोण विचारणार होतं? सत्यशीलानंही वर बघितलं नसतं.

"सांगितलं होतं," कावेरी म्हणाली. "हिनंच सांगितलं होतं. वैशाखात या म्हणाली होती."

"आन् मंग?"

"मी ऐकलं नाही."

म्हातारीनं हात लांब केला. चाचपडत चाचपडत तो जमिनीवरून सरकत सुनेच्या गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. सत्यशीलाला एकदम हुंदका फुटला, नऊ दिवसांचा.

"तू हिचं आयकलं न्हाईस," चंद्रभागाबाई म्हणाली, "आन् माझ्या लेकानं आयकलं."